विमानतळावर स्वतःच्या पायांनी

रेल्वेचे स्टेशन माणसाला चटकन आपलेसे करते. तेथे हमाल असतो, चहावाला असतो, आणि बाकावर बसलेला एखादा अनोळखी गृहस्थ "कुठे निघालात?" एवढ्या एका प्रश्नावरून गाडी सुटेपर्यंत आपल्या तीन पिढ्यांची माहिती काढून घेतो. चुकीच्या डब्यात चढलो तरी बिघडत नाही. सगळे डबे शेवटी एकाच गावाला जातात. विमानतळाचे तसे नाही. तेथे सारे कसे चकचकीत, थंडगार आणि शांत असते. आणि नेमकी ही शांतताच साठी उलटलेल्या माणसाच्या छातीत धडकी भरवते.

मी हे लिहितो आहे ते भोपाळच्या गोविंदपुऱ्यातून. ह्या महाविद्यालयाच्या बाकांवरून उठून जी काही मुले नोकरीसाठी दूर गेली, त्यांतलाच मी एक. गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा ही सारी वस्ती एका कारखान्याभोवती उभी राहिली. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे तांत्रिक साहाय्य तिला होते. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला, आणि १९७४ मध्ये ती कंपनी 'भेल'मध्ये विलीन झाली. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, बंगाल, सगळीकडची माणसे येथे आली, क्वार्टरांत राहिली, निवृत्त झाली आणि कारखान्याच्या आसपासच घरे बांधून राहिली. त्यांची मुले मात्र येथे राहिली नाहीत. कोणाचा मुलगा टेक्ससला, कोणाची मुलगी म्युनिकला, कोणाची दुबईला. मग एके दिवशी फोनवर तिकीट येते. तिकीट येते, पण वाट येत नाही!

मी स्वतः दोन-तीनदा परदेशी जाऊन आलो असल्यामुळे ही मंडळी तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. ज्या माणसांनी जन्मभर जलविद्युत टर्बाइनची पाती केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने बसवली, ती माणसे माझ्या ओसरीवर बसून "तिथं जाऊन नेमकं उभं कुठं राहायचं?" असे हलक्या आवाजात विचारतात. ह्या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. विमानतळ म्हणजे एक मोठी कचेरी आहे. कचेरीत कोणत्या टेबलानंतर कोणते टेबल हे ठाऊक असले की अर्धे काम झाले. ठाऊक नसले की शहाणासुरता माणूसही दाराशी घुटमळतो. म्हणून मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. आपल्या कारखान्यात प्रत्येक नगाबरोबर एक रूट कार्ड फिरते, आधी कोणते यंत्र आणि मग कोणते ते त्यावर लिहिलेले असते. तसे स्वतःचे रूट कार्ड करा.

त्या कार्डावरची पहिली ओळ घरीच वाचायची असते, आणि ती म्हणजे तिकीट. तिकीट वाचणे ही एक विद्या आहे. प्रथम नाव. पारपत्रावर जे नाव, तेच तिकिटावर हवे. आपल्या बायकांना माहेरचे एक आणि सासरचे एक अशी दोन नावे असतात. त्यांतले पारपत्रावर कोणते आहे ते पाहावे. कानडी मुलखातल्या आपल्या मित्रांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे पुष्कळांना आडनावच नसते. गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर असते. पारपत्रावर आडनावाची जागा कोरी राहिली तर काही देश हरकत घेतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून भेटीच्या व्हिसासाठी असे एकेरी नाव चालणार नाही असे ठरवले. तेव्हा पारपत्र काढतानाच ह्याचा विचार करावा. पारपत्राची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने पुढे असावी, कारण अनेक देश तसा आग्रह धरतात.

मग तारीख. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला उजाडतो. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्री १ वाजून ४० मिनिटे असे लिहिलेले असेल, तर १४ तारखेचे रात्रीचे जेवण आटोपून निघायचे असते. १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोचलेल्या माणसाचे विमान तोवर परदेशी उतरून रिकामे झालेले असते.

मग विमानतळ कोणता ते. पूर्वी मुंबईचा विमानतळ म्हटले की प्रश्न नव्हता. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. जुन्याचे सांकेतिक नाव बी-ओ-एम. शहराचे 'बॉम्बे' हे नाव १९९५ मध्ये गेले तरी ही तीन अक्षरे राहिली. नव्याचे एन-एम-आय. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना तर हा घोळ गोव्यातच भेटेल. दाबोळी म्हणजे जी-ओ-आय आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा म्हणजे जी-ओ-एक्स. मुंबईच्या जुन्या विमानतळाचेही दोन भाग आहेत. टी-१ पार्ल्याच्या बाजूला आणि टी-२ सहारला. आंतरराष्ट्रीय विमाने टी-२ वरून निघतात, आणि दोहोंमध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे. रिक्षा-टॅक्सीत बसल्यावर नुसते "एअरपोर्ट" म्हणणे म्हणजे पुण्यात उतरून "पेठेत न्या" म्हणण्यासारखे आहे.

भोपाळहून परदेशी जाणारा बहुतेक माणूस आधी दिल्ली किंवा मुंबई गाठतो. गोविंदपुऱ्याहून राजा भोज विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या पिढीतले पुष्कळ जण अजूनही १९१२ पासून धावणाऱ्या पंजाब मेलवर विश्वास ठेवतात. संध्याकाळी भोपाळ सोडावे, सकाळी मुंबई. त्यात वाईट काही नाही; मात्र विमान रात्रीचे असले तरी गाडी आदल्या दिवसाची धरावी. दादरला किंवा ठाण्याला नात्यातले कोणीतरी असतेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टी-२ पर्यंत ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही थेट जाते. पण ती रात्रभर चालत नाही, आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन जिने-सरकते जिने करणे सर्वांना झेपत नाही.

विमानाने मुंबई गाठायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भोपाळ ते मुंबई आणि मुंबई ते परदेश हे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. आमच्या गल्लीतील एका जोडप्याच्या मुलाने थोडे पैसे वाचावेत म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली. पहिले विमान तीन तास उशिरा निघाले. दुसऱ्या कंपनीने ते ऐकूनही घेतले नाही. तिच्या दृष्टीने प्रवासी वेळेवर आला नाही, एवढेच. तिकिटे नव्याने काढावी लागली, आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. एका तिकिटावर असते तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती, आणि बॅगाही बहुधा भोपाळलाच थेट शेवटच्या गावापर्यंत नोंदवता आल्या असत्या.

आता सामान. हा आपल्या बायकांचा हळवा विषय, म्हणून जपून लिहितो. लेकीसाठी काय नेऊ नये हे सांगणाऱ्या माणसाला कोणी चहा देत नाही! तरी सांगतो. लोणचे, तूप, पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत नको. ते नीट बांधून मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला पातळ पदार्थ चालत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हा नियम जगभर आला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नयेत. खोबऱ्यात तेल फार असते, ते तापून पेट घेऊ शकते, म्हणून त्याला बंदी. मोबाइलची पॉवर बँक ह्याच्या उलट. ती मोठ्या बॅगेत मुळीच चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायची. कारण बॅटरी पेटलीच तर माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, सामानाच्या अंधाऱ्या कोठारात नव्हे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला मोठ्या बॅगेत. अमेरिकेला जाताना हातातल्या पिशवीतल्या पुडीवर २०१८ पासून जादा नजर असते.

आणि अनारसे! अनारशावरची खसखस ही आपल्याकडे दिवाळीची शोभा. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात तीच खसखस अमली पदार्थांत मोडते. दुबईला लेकीकडे जाणाऱ्या आईने अनारसे घरी करून घरीच खावेत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत खाण्याचे जिन्नस नेले असतील तर फॉर्मवर तसे लिहावे. लिहून दिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली वस्तू दंड करवते. औषधे मात्र मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीतच. मोठी बॅग एखादे वेळी दुसऱ्या गावी जाते. रक्तदाब मात्र आपल्याबरोबरच येतो. अंगावर बरेच दागिने घालून जायचे असेल तर जातानाच कस्टमकडून त्यांचा दाखला घ्यावा, म्हणजे येताना "हे इथूनच नेलेले" हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

इतके झाल्यावर विमानतळ. विमानाच्या तीन तास आधी पोचावे. नोंदणीची खिडकी बहुधा विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, आणि बंद झाली की झाली. टी-२ ही इमारत २०१४ मध्ये सुरू झाली. निघणाऱ्यांचा मजला वर, येणाऱ्यांचा खाली. दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि पारपत्र पाहतो. पोचवायला आलेल्यांचा निरोप तेथे. रडायचे असेल तर तेथेच रडून घ्यावे, आत वेळ मिळत नाही.

आत गेल्यावर पहिले टेबल विमान कंपनीचे. येथे मोठ्या बॅगा द्यायच्या आणि बोर्डिंग पास घ्यायचा. बॅगेला जो कागदी पट्टा बांधतात त्यावरची तीन अक्षरे आपल्या शेवटच्या गावाची आहेत ना, हे स्वतः वाचावे. पट्ट्याचा छोटा तुकडा आपल्याला मिळतो. तो म्हणजे बॅगेची पावती, ती पारपत्रात जपून ठेवावी.

पुढची टेबले दोन : पारपत्राची तपासणी आणि अंगाची-सामानाची झडती. पारपत्र पाहणारा अधिकारी कुठे, कशाला, किती दिवस एवढेच विचारतो. "मुलाकडे, तीन महिने" हे उत्तर पुरे. सुनेचे दिवस भरत आले आहेत हे त्याला सांगण्याची गरज नाही. पूर्वी येथे एक कार्ड भरावे लागे. भारतीयांसाठी ते जाताना भरणे १ जुलै २०१७ पासून आणि येताना भरणे १ मार्च २०१४ पासून बंद झाले. तेव्हा जुने नातेवाईक "पेन घेऊन जा" म्हणतात ते आता परदेशातल्या फॉर्मपुरतेच खरे. वारंवार जाणाऱ्या भारतीयांसाठी सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत एक जलद प्रवेशाची योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती मुंबईतही आणली. आधी नाव नोंदवले की स्वयंचलित फाटकातून जाता येते. झडतीत पट्टा, पाकीट, फोन ट्रेमध्ये. रिकामी बाटली बरोबर असू द्यावी. झडती झाल्यावर पलीकडे पाणी भरून घेता येते.

शेवटचे टेबल म्हणजे गेट. ते पुष्कळ लांब असते, आणि नंबर ऐन वेळी बदलूही शकतो. येथे "गाडी क्रमांक अमुक प्लॅटफॉर्म क्रमांक तमुकवर" असे कोणी ओरडत नाही. विमानात बसण्याच्या घोषणा मुंबईत बंद केलेल्या आहेत. माहिती फलकावर वाचायची. म्हणून आधी गेट गाठावे, मग चहा. मोरपिसांच्या नक्षीचे पांढरे खांब आणि भिंतीभर मांडलेल्या जुन्या मूर्ती-कलाकृती पाहण्यासारख्या आहेत, पण डोळा फलकावर ठेवून.

परतीचा एक नियम लोकांना सहसा ठाऊक नसतो. येताना बॅगेवर भोपाळचा बी-एच-ओ पट्टा असला तरी, मुंबई किंवा दिल्ली हे भारतातले पहिले ठिकाण आले की साधारणपणे बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. अमेरिकेत उतरतानाही हीच रीत आहे. "बॅगा आपोआप जातील" म्हणून निवांत बसणारा माणूस घरी रिकाम्या हाताने पोचतो.

एवढे सगळे सांगितले ते खरे तर एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट आता सांगतो. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. आधी कळवले की माणूस खुर्ची घेऊन येतो आणि प्रवाशाला रांगा टाळून थेट विमानापर्यंत नेतो. ही फार चांगली सोय आहे. पण अलीकडे मुले आईवडिलांची तिकिटे काढताना सरसकट त्या चौकोनात खूण करतात. पाय दुखतात म्हणून नव्हे, तर "त्यांना इंग्रजी येत नाही, त्या गोंधळतील" म्हणून. आमच्या शेजारच्या वहिनी अडुसष्ट वर्षांच्या. रोज सकाळी तीन किलोमीटर फिरतात, भाजीची जड पिशवी स्वतः आणतात. तिकीट दाखवताना त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माझे पाय तर शाबूत आहेत. मग मी खुर्चीत का बसायचं?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मुलाजवळ नव्हते, आणि माझ्याजवळही नव्हते.

मग आम्ही आमच्या ओसरीवर विमानतळ मांडला. जेवणाचे टेबल ही कंपनीची खिडकी, झोपाळा म्हणजे पारपत्राचा अधिकारी, स्वयंपाकघराचे दार म्हणजे झडती, आणि तुळशीवृंदावन हे गेट. माझी नात अधिकारी झाली आणि तिने इंग्रजीत प्रश्न विचारले. वहिनींनी दोन-दोन शब्दांत उत्तरे दिली. एका कार्डावर मराठीत क्रम लिहिला, मागे इंग्रजीत मुलाचा पत्ता, फोन आणि "मला ह्या गेटकडे जायचे आहे" एवढे वाक्य. तीन संध्याकाळी हा खेळ झाला. वहिनी खुर्ची न घेता गेल्या. पोचल्यावर मुलाला त्यांनी काय सांगितले ते मला कळले नाही, मला फोनवर एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुळशीवृंदावन जरा लांब होतं."

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच महिन्यात माझ्या विभागातले एक निवृत्त फोरमन निघाले होते. गुडघ्याची वाटी झिजलेली, पन्नास पावलांत बसावे लागते, आणि तरी "मी काय लंगडा आहे का?" म्हणून खुर्ची नको म्हणत होते. त्यांना मी म्हटले, "साहेब, क्रेन असताना कोणी जॉब पाठीवर उचलतो का?" ते पटले. खुर्ची घेणे ह्यात कमीपणा नाही, आणि न घेणे ह्यात मोठेपणा नाही. ज्याचे पाय थकले त्याची ती आहे. ज्याची केवळ माहिती कमी आहे त्याला खुर्ची नको, माहिती हवी. आणि माहिती असलेल्यांनी ती न देता खुर्ची दिली, तर झिजल्या गुडघ्याचा कोणीतरी दाराशी ताटकळत राहतो, आणि धडधाकट पायांची एक बाई स्वतःला उगाच म्हातारी समजू लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले पुष्कळ जण उद्या दूर जातील. ह्या महाविद्यालयात तुम्ही रोज दोन भाषांच्या मधून वाट काढता. कानडी पाटी वाचून मराठीत पत्ता सांगता. तुम्हाला विमानतळाच्या पाट्यांची भीती वाटणार नाही. पण ज्यांनी तुम्हाला बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेले त्यांना ती वाटेल, आणि बहुधा ती ते तुम्हाला सांगणारही नाहीत. त्यांचे तिकीट काढाल तेव्हा खुणेचा तो चौकोन भरण्याआधी एकदा त्यांनाच विचारा. पाय थकले असतील तर अवश्य भरा. नसतील तर फोनवर एक संध्याकाळ द्या, सगळी टेबले क्रमाने सांगा, कोणत्या टेबलावर काय द्यायचे आणि काय परत घ्यायचे ते समजावा, आणि ते कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घ्यायला लावा. दुसऱ्याने लिहून दिलेला कागद गर्दीत सापडत नाही. स्वतः लिहिलेला पाठ असतो.